रुग्णालयातील औषध-प्रतिरोधी क्षयाचे प्रमाण मुंबईचे म्हणता येईल का?

प्रश्न
मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधासाठी आमच्या प्रयोगशाळेची २०१९ ते २०२३ ची नोंदवही तपासताना एमडीआर क्षयाचे (रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे) प्रमाण राष्ट्रीय सर्वेक्षणापेक्षा बरेच जास्त दिसते. २०१४-१६ च्या त्या सर्वेक्षणात ते नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६ टक्के होते. यावरून शहराविषयी विधान करावे का?

उत्तर १
शहराविषयी करू नये. पहिल्यांदा खोकला झालेला माणूस आधी गल्लीतल्या दवाखान्यात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जातो. मोठ्या रुग्णालयात बहुधा गोळ्यांनी गुण न आलेलाच पोहोचतो, त्यामुळे तुमचा आकडा मुळातच फुगलेला असणार. एकाच रुग्णाचे तीन नमुने तीन रुग्ण म्हणून मोजले गेले नाहीत ना, हेही पाहा. पत्त्यावर तर मुळीच विसंबू नका. ‘गोवंडी’ हा पुष्कळदा बाहेरगावचे रुग्ण उपचारापुरते जिथे उतरले त्या मुंबईतल्या नातेवाइकांचा पत्ता असतो.

उत्तर २
आणखी एक अडचण व्याख्येची आहे. २०२१ पूर्वी एक्सडीआर (एमडीआरहून अधिक औषधांना दाद न देणारा क्षय) ठरवताना फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांसोबत इंजेक्शनच्या औषधाला असलेला प्रतिरोध पाहिला जाई, आता बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड या औषधांना असलेला पाहिला जातो. तुमची नोंदवही या दोन्ही काळांत पसरली आहे. सीबी-नॅट ही झटपट जनुकीय चाचणी फक्त रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दाखवते, म्हणून एकट्या आयसोनियाझिडला दाद न देणारा रुग्ण एलपीए (आयसोनियाझिडचाही प्रतिरोध दाखवणारी जनुकीय चाचणी) केल्याशिवाय संवेदनशील, म्हणजे औषधांना दाद देणारा, म्हणूनच नोंदला जातो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पण ‘पूर्वीचा उपचार’ हा रकाना बहुतेक अर्जांत कोराच आहे.

उत्तर ३
मग नव्या-जुन्याची विभागणी त्या अर्जांपुरती सोडून द्या, अंदाजाने रकाना भरू नका. पुढच्या रुग्णांना मात्र नीट विचारा. आमच्या ओपीडीत ‘पहिल्यांदाच झालाय’ असे शपथेवर सांगणाऱ्या एका आजोबांना मी ‘गोळ्यांनी लघवी लाल होत होती का?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्या मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून रिफाम्पिसिनची अर्धी उरलेली पाकिटे काढून टेबलावर ठेवली. महिनाभर किंवा त्याहून जास्त औषध घेतलेले असेल तर तो ‘पूर्वी उपचार घेतलेला’ धरतात. तरीही जो खरोखर नवा निघेल आणि एमडीआर असेल, त्याच्यावर डोस चुकवल्याचा आळ घेऊ नका. त्याला तो जंतू प्रतिरोधासकट दुसऱ्याकडून लागलेला असतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधात वेगळे प्रकरण लिहावे ते याच रुग्णांवर.