चार महिन्यांच्या बाळाला कारमधून न्यायचंय, कारसीट घ्यावीच का?

सातारकर_आई: पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय, म्हणजे खंबाटकी घाट आलाच. सासूबाई म्हणतात मांडीवर घे, आमची पोरं अशीच वाढली. मला धास्ती वाटते, काय करू?

मिरजेची_मावशी: ताई मांडीवर अजिबात नको गं, करकचून ब्रेक लागला की बाळ हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. बाळाचं तोंड मागं राहील अशी सीट घे आणि मागच्याच सीटवर लाव, पुढं एअरबॅग असते तिथं नको. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघ, चुणी पडली तर ढिला आहे. मी हे रोज बघायचे, स्वेटर काढूनच बांधायचे.

सांगलीचा_बाबा: गाडीत आयसोफिक्स (कारसीट अडकवायचे पक्के हूक) नसलं तरी बऱ्याच सीट गाडीच्या बेल्टनं बसतात, घ्यायच्या आधी आपल्या गाडीत लावून बघा. आर १२९ (कारसीटच्या सुरक्षेचं मानक) चं लेबल बघा. कुणाची जुनी घेतली तर अपघातातली नाही ना हे विचाराच.

सातारकर_आई: आणि पोवई नाक्यापर्यंत स्कूटीवर, बाळाला अंगावरच्या बेबी कॅरिअरमध्ये बांधून?

मिरजेची_मावशी: नको गं, रिक्षा कर. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट, हार्नेस (चालवणाऱ्याशी बांधायचा पट्टा) आणि वेग ताशी ४० किमीच्या आत असा नियम आहे, तुझं तर चारच महिन्यांचं, मान अजून तितकी बळकट नसते.