गिटारचा पिक: जड, जाड की कडक?

विचारणा

गिटार शिकणाऱ्यांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका लिहितो आहे आणि पिक, म्हणजे चिमटीत धरून तार छेडायची छोटी सपाट पट्टी, निवडण्याच्या प्रकरणात अडलो आहे. पाकिटांवर 'थिन', 'मीडियम', 'हेवी', 'एक्स्ट्रा हेवी' असे छापलेले असते. त्यासाठी 'हलका, मध्यम, जड, अतिजड' हे शब्द काही ठिकाणी वाचले, पण ते खटकतात. पिक हातात घेतल्यावर वजनाचा विचार कुणाच्या मनात येतो? तिथे काय शब्द असावेत? शिवाय पिकच्या टोकाबद्दल, कडेबद्दल लिहायला नेमके शब्द हवेत. आणि 'पिक' हाच शब्द ठेवावा की 'नखी' म्हणावे?

प्रतिसाद १

'जड' अजिबात नको. जड म्हणजे वजनदार, आणि साधा मध्यम पिक एक ग्रॅमही भरत नाही. इंग्रजीतला 'हेवी' इथे जाडीबद्दलच बोलतो, तेव्हा मराठीत सरळ 'जाड' लिहा. एका कान्याचा फरक आहे, पण वाचणाऱ्याची गफलत टळते.

दुसऱ्या टोकाला 'हलका' नको, 'बारीक'ही नको. मराठीत कागद, पत्रा, पान पातळ असते. दोरा, काडी, तार बारीक असते. पिक पत्र्याच्या जातीचा, म्हणून तो पातळ. हा भेद पुस्तिकेत फार उपयोगी पडेल, कारण पिक आणि तार दोन्हींची मापे शेजारी शेजारी येणार. 'पातळ पिक, बारीक तार' असे लिहिले की कशाबद्दल बोलतो आहोत ते लगेच कळते. 'जाड' मात्र दोघांनाही चालतो, तिथे नाम लिहायला विसरू नका.

आकडे ढोबळमानाने असे धरतात: ०.६० मिमीपर्यंत पातळ, तिथून साधारण ०.८० पर्यंत मध्यम, पुढे १.२ पर्यंत जाड आणि त्यावर अतिजाड. या सीमा कंपनीगणिक सरकतात. एकाचा 'मीडियम' दुसऱ्याच्या 'हेवी'ला लागून असू शकतो. म्हणून शब्दाबरोबर मिलिमीटरमधला आकडा द्याच. डनलॉप या कंपनीच्या टॉर्टेक्स नावाच्या पिकना तर जाडीनुसार रंगच ठरलेले आहेत: ०.५० लाल, ०.६० नारिंगी, ०.७३ पिवळा, ०.८८ हिरवा, १.० निळा, १.१४ जांभळा. वाजवणारे 'माझा पिवळा' किंवा 'हिरवा दे' असे म्हणतात तेव्हा ते जाडीच सांगत असतात.

प्रतिसाद २

'जाड' आणि 'पातळ' बरोबर आहेत, पण माझ्या मते पुस्तिकेत त्याहून महत्त्वाचा शब्द 'कडक' आहे, आणि तो जाडीपासून वेगळा काढून समजावला पाहिजे. नवशिका पाकिटावरचा आकडा पाहून निवड करतो. त्याच्या बोटांना कळतो तो कडकपणा. तारेला पिक लागतो, थोडा लवतो आणि मग तार सुटते. तो किती लवला यावरच हाताला काय जाणवते आणि कानाला काय ऐकू येते हे बरेचसे ठरते.

पातळ पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे द्रव्य तेच ठेवून जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. ०.५० वरून १.० वर गेलात की हातातली वस्तूच बदलल्यासारखे वाटते ते यामुळे. ०.७३ आणि ०.८८ हे आकडे कागदावर अगदी शेजारी दिसतात, पण दुसरा पहिल्याच्या सुमारे पावणेदोनपट कडक असतो. 'इतक्याशा फरकाने काय होतंय' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगा.

आता द्रव्य. नायलॉन लवचीक असते, त्यामुळे ०.७३ चा नायलॉन पिक त्याच जाडीच्या टॉर्टेक्सपेक्षा मऊ वाटतो. टॉर्टेक्स हे डेल्रिन जातीच्या प्लास्टिकचे असते. सेल्युलॉइड हे पिकसाठी फार पूर्वीपासून वापरले जाणारे द्रव्य. त्याचा आवाज अनेकांना गोड वाटतो, पण ते लवकर झिजते आणि चटकन पेट घेते. अल्टेक्स हे प्लास्टिक खूप कडक असते आणि सावकाश झिजते. तेव्हा द्रव्य न सांगता नुसते '०.७३ घ्या' म्हणणे अपुरे आहे.

आणि एक गोष्ट जी पाकिटावर कधीच नसते: पिक चिमटीबाहेर किती उरतो. बाहेर राहिलेल्या लांबीचा परिणामही घनानेच होतो, फक्त उलट दिशेने. जो पिक टोकापासून लांब धरल्यावर फडफडतो, तोच टोकाजवळ धरला की ताठ होतो. मध्यम पिकवर कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकत्र, वाजवता वाजवता मध्येच एकेका तारेवर एखादी धून घेणारे वादक बघा. अंगठा आणि तर्जनी किंचित पुढे सरकतात, टोक जेमतेम दिसेल इतकेच उरते, आणि स्वर एकदम ठसठशीत येतात. पिक बदललेला नसतो, चिमूट बदललेली असते. म्हणून मी तर म्हणेन, 'पाकिटावरची जाडी' आणि 'हातातला कडकपणा' असे दोन वेगळे शब्दप्रयोग पहिल्या पानावरच रुजवा.

विचारणाकर्ता

हे फार मोलाचे आहे. चिमूट हा शब्द मला सुचलाच नव्हता, 'पकड' लिहून बसलो होतो. मग वाक्य असे चालेल का: 'पातळ पिक कॉर्डसाठी, जाड पिक सुट्या स्वरांसाठी'?

प्रतिसाद २

सुरुवातीला चालेल, पण कारण द्या, नाहीतर तो नियम होऊन बसतो. सहाही तारांवरून हात फिरवताना पातळ पिक प्रत्येक तारेपाशी लवून वाट देतो, त्यामुळे हात अडखळत नाही आणि आघात एकसारखा पडतो. शिकणाऱ्याच्या मनगटात अजून सैलपणा आलेला नसतो, तेव्हा ही मदत मोठी असते. बदल्यात प्लास्टिकची चटचट ऐकू येते आणि आवाजाला भरीवपणा कमी येतो.

सुट्या स्वरांत हेच लवणे आड येते. हाताने आघात केला आणि तार सुटली यांत जो सूक्ष्म उशीर होतो, तो जलद वाजवताना जाणवतो. कडक पिक हाताचे ऐकतो: जोर द्याल तेवढा आवाज, हळू लावाल तेवढा नाजूक. त्यात चुकाही तितक्याच स्पष्ट ऐकू येतात. 'जाड पिक म्हणजे जोरकस वादन' असे लिहू नका, हा समज मला मुळीच पटत नाही. जिप्सी जॅझ या शैलीत वाजवणारे ३.५ मिमीचे पिकही वापरतात आणि त्यावर अतिशय हळुवार स्वर काढतात. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर जुन्या सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. नाणे जराही लवत नाही, त्यामुळे आघातातला सगळा बारकावा बोटांनाच सांभाळावा लागतो. आणि नाण्याच्या दातेरी कडेची किंचित खरखर त्याच्या स्वरात मिसळते.

प्रतिसाद ३

मी सतार वाजवते, म्हणून 'नखी'बद्दल लिहिते. नखी म्हणजेच मिजराब, ती तारेची असते आणि तर्जनीवर चढवतात. ती घालायची वस्तू आहे, धरायची नाही. तेव्हा गिटारच्या सपाट पिकला नखी म्हटले तर सतार ओळखणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचे चित्र येईल. अंगठ्यात किंवा बोटांत चढवायचे जे पिक असतात, ज्यांना थंबपिक आणि फिंगरपिक म्हणतात, त्यांना मात्र 'अंगठ्याची नखी', 'बोटाची नखी' हे शब्द चपखल बसतील.

सपाट पिकचा खरा भाऊबंद म्हणजे सरोदचा 'जवा'. तोही चिमटीत धरतात आणि नारळाच्या करवंटीचा करतात. पण 'गिटारचा जवा' कुणी म्हणत नाही आणि म्हणायला लावूही नये. जुना शब्द हवाच असेल तर अमरकोशात 'कोण' आहे: 'कोणो वीणादिवादनम्', म्हणजे वीणा वगैरे ज्याने वाजवतात ते साधन. शब्द सुंदर आहे, पण आज 'कोण' वाचून वाचक भूमितीत शिरेल किंवा प्रश्नचिन्ह शोधेल. 'पिक'च ठेवा. फक्त ऱ्हस्व लिहा. दीर्घ 'पीक' शेतातले. आणि 'तो पिक' की 'ती पिक' हे एकदा ठरवून पुस्तिकाभर तेच ठेवा. दोन्ही ऐकू येतात, मला 'तो' बरा वाटतो.

प्रतिसाद ४

आकाराचे कुणीच बोलले नाही, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी जाडीपेक्षा आकारात जास्त फसतात. वर्षानुवर्षे शिकवताना मी वापरतो ते शब्द देतो.

पिकच्या ज्या भागाने तार छेडतो ते 'टोक'. वरचे दोन गोलाकार कोपरे म्हणजे 'खांदे'. बाजूची रेघ ती 'कड'. तिला 'धार' म्हणू नका. धार कापते, आणि पिकची कड नेमकी कापू नये म्हणूनच घोटून गुळगुळीत करतात. कडेला जो तिरका उतार दिलेला असतो, ज्याला बेव्हल म्हणतात, त्याला 'उतार' पुरेसा आहे. अतिजाड पिकमध्ये हा उतार अत्यावश्यक असतो. तो नसेल तर जाड भिंत तारेला अडते आणि ठक्क असा आवाज येतो.

नेहमीचा आकार, म्हणजे खाली निमुळता आणि वर रुंद, तो फेंडर या गिटार कंपनीच्या ३५१ या क्रमांकाने ओळखला जातो. नवशिक्याने इथूनच सुरू करावे, कारण धरायला जागा भरपूर आणि टोक फार अणकुचीदार नाही. मोठा 'त्रिकोणी' पिक, ३४६, याला तिन्ही कोपरे सारखे असतात. एक झिजला की फिरवून दुसरा. छोटा 'थेंबाकार' पिक चिमटीत जवळजवळ लपतो. आणि 'जॅझ थ्री' हा लहान, टोकदार, १.३८ मिमीचा डनलॉपचा पिक. नावात जॅझ असले तरी रॉक आणि मेटल वाजवणारेही तो आवडीने वापरतात. गिटारवादक एरिक जॉन्सनच्या नावाने त्याची स्वतंत्र आवृत्तीसुद्धा निघते. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर शिकणारा म्हणेल, मला जॅझ वाजवायचे नाही, मग हा कशाला.

टोकाबद्दल 'टोकदार' आणि 'गोलसर' एवढेच दोन शब्द पुरतात. 'बोथट' टाळा, त्यात बिघडल्याचा अर्थ आहे. झिजून टोक गेले असेल तर 'झिजलेला' म्हणा. टोकदार पिक तारेला अगदी थोड्या जागेत लागतो, म्हणून मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर उजळ येतात आणि आघात नेमका ऐकू येतो. गोलसर टोक तारेला जास्त रुंदीने भिडते, त्याने तेच वरचे सूर थोडे दबतात आणि स्वर मऊ, भरलेला वाटतो. हा फरक ऐकायला नवा पिक लागतही नाही. हातातला नेहमीचा पिक उलटा करा आणि खांद्याने वाजवून पाहा. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन असा गोल बाजूनेच वाजवायचा, आणि त्याचा जाडजूड, भरदार स्वर सगळ्यांना माहीत आहे.

एक सूचना. पिक तारेला समांतर न लावता थोडा तिरपा लावला तर तो सहज निसटतो, पण ज्या जाड तारांवर दुसरी तार गुंडाळलेली असते त्यांवर कड घासून चरचर येते. शिकणारा याला 'पिक खराब आहे' म्हणतो. आधी हाताचा तिरपेपणा बघावा, मग कडेवर बोट फिरवून पाहावे. कड खडबडीत लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरवर घोटून गुळगुळीत होते.

विचारणाकर्ता

'खांदे' आणि 'उतार' उचलतो. एक राहिले: 'टॉर्टॉइज शेल' असे लिहिलेले पिक दिसतात. त्यांचे भाषांतर 'कासवाच्या कवचाचे' असे करू का?

प्रतिसाद १

नका करू, ते चुकीचे ठरेल. एके काळी पिक खरोखरच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाचे करत. १९७० च्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आज पाकिटावर हे शब्द असतात ते सेल्युलॉइडवरच्या तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांच्या नक्षीसाठी. 'कासवकवची नक्षीचा सेल्युलॉइड पिक' असे लिहिले तर नक्षी कसली आणि द्रव्य कुठले, दोन्ही कळेल.

प्रतिसाद ५

बेस गिटार आणि युकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्याचाही उल्लेख करणार असाल तर दोन ओळी माझ्याकडून. बेसच्या तारा जाड असल्याने तिथे पातळ पिक मागे वळतो आणि स्वर पोकळ निघतो. १ मिमीच्या वरचा, आकाराने मोठा त्रिकोणी पिक बरा. युकुलेलेच्या नायलॉन तारांना 'फेल्ट पिक' म्हणून दाबलेल्या लोकरीचा जाड पिक मिळतो. तो तीन मिलिमीटरचा असला तरी कडक नसतो, त्यामुळे जाडी आणि कडकपणा वेगळे कसे हे दाखवायला उदाहरण म्हणून तोच घ्या.