रांगण्याहून परतताना आडवाटेला गवा समोर आला, आमचं काय चुकलं?

आडवाट_पुणे: नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये. डिसेंबरच्या शेवटी आम्ही तिघं कोल्हापूरकडच्या रांगणा किल्ल्यावर गेलो होतो, पाटगाव, भटवाडी, चिक्केवाडी हा नेहमीचाच रस्ता. मुक्काम रांगणाईच्या देवळात, थंडी मरणाची. सकाळी यशवंत दरवाजा बघून परत निघालो आणि गाडीवाट कंटाळवाणी म्हणून एका ठिकाणी ती सोडली, कारण बाजूला मस्त मळलेली ढोरवाट दिसली, म्हटलं ओढ्याला धरून जाऊ, पुढे कुठेतरी परत रस्त्याला लागेलच. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कारवीची दाट झुडपं, खाली पाचोळा दवाने पार भिजलेला, त्यामुळे पावलांचा आवाज शून्य आणि वारा समोरून. आम्हीही गप्पच चाललो होतो, रानात बडबड करायची नाही असं शिकलोय ना.

पंधरा-वीस मिनिटांनी कारवीच्या बुडातून पांढरे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत मोजे घातल्यासारखे. मला वाटलं कुणाचा तरी बैल चुकलाय. वर बघितलं तर पाठ कारवीच्या शेंड्यांना टेकलेली. अंतर फार तर तीस फूट. त्याने मान वर केली आणि नाकातून असा जोरात फुस्सकन आवाज काढला की माझे पायच गळाले. एक मित्र मोबाईल काढायला लागला, दुसरा पळणार तेवढ्यात मी त्याच्या सॅकचा पट्टा घट्ट धरला. गवा वळून आडवा झाला, मला वाटलं चालला, पण नाही, मान खाली घालून तसाच उभा, मिनिटभर तरी. आम्ही एकेक पाऊल मागे घेतलं. मग एकदम कारवी मोडत उताराला धडाधडा खाली गेला, दगड गडगडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तर प्रश्न असा की तो आडवा का उभा राहिला? आणि आम्ही ओरडायला हवं होतं का गप्प राहिलो ते बरोबर?

भुदरगडकर: दादा, ती ढोरवाट न्हवंच. आत रानात लांब गुरं सोडणारी माणसं आता कमी झाली, मग एवढी वाट मळवतंय कोण? गव्यांचीच वाट हाय ती. ओढ्याकडं जाणारी, कारवीतनं बोगद्यावाणी गेलेली रुंद वाट दिसली की आधी खाली बघायचं, म्हशीच्या शेणावाणी पो पडलेले असत्यात, ओल्या मातीत दोन फाकांचे मोठे खूर उमटलेले असत्यात. शेण ताजं असलं, वाफ निघत असली तर तिथनंच मागं फिरायचं. थंडीत गवा सकाळचा सड्यावर, म्हंजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, उन्हाला येतोय, ऊन तापलं की ओढ्याच्या सावलीला उतरतोय, तुमी बरोब्बर त्याच येळेला त्याच्या वाटेत. रात्री आमच्या उसात शिरतोय ते येगळंच, सकाळी मोडलेला फड बघून जीव जळतो. पण रानात त्यानं कुणाच्या वाटेला जाऊन काय केलेलं मी तरी बघितलं न्हाई. पुढच्या वेळी भटवाडीतनं कुणीतरी माणूस बरोबर घ्या.

सडा_आणि_कातळ: तो जात नव्हता, तो तुम्हाला स्वतःचा आकार दाखवत होता. नर गवा समोरच्याला दबकवायला आडवाच उभा राहतो, त्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जो उंचवटा असतो तो बाजूनेच नीट दिसतो ना. मोठा नर खांद्याला सहा फुटांच्या आसपास आणि वजन हजार किलोपर्यंत, म्हणजे धडकला असता तर सॅकबिक काही कामाची नाही. फुसकारा हा इशारा. त्या वेळी तुम्ही जे केलंत, म्हणजे उभं राहणं, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरणं, तेच बरोबर, आणि पट्टा धरलात ते तर फारच बरं केलंत. एकच बघायचं, त्याची पळायची वाट आपण अडवलेली नाही ना, बहुतेक वेळा ती उताराकडे असते. जमलं तर जाड खोडाच्या आड जायचं. आणि वासरू असलेली गाय असेल तर हे सगळं विसरा, तीस फूट हे अंतरच नाही तिथे, लांबूनच वळायचं.

मोबाईलचं मात्र मनापासून सांगतो, नको. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडला गवा आला होता आठवतंय? मागे माणसांचा लोंढा, सगळे मोबाईल घेऊन, जनावर पळून पळून दमलं आणि पकडल्यानंतर मेलं. तो फोटो मी आजही बघू शकत नाही.

कारवीचं_फूल: वरच्या दोघांशी सहमत, पण गप्प चालण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मी पंधरा वर्षं ग्रुप घेऊन जातेय, पायवाट सोडून कारवीत शिरलो की आम्ही मुद्दाम बोलत चालतो, पुढचा माणूस काठी आपटत जातो. गव्याची नजर बेताची पण नाक तिखट, आणि आवाजही त्याला कळतो, तुमचा वारा उलटा होता आणि पाचोळा ओला, म्हणजे त्याला कळायला काही मार्गच उरला नव्हता, तोही तुमच्याएवढाच दचकला असणार! ओरडणं समोरासमोर आल्यावर नाही, आवाज त्याच्या आधी. स्पीकरवर गाणी नकोत हां, साधं बोलणं पुरतं.

सडा_आणि_कातळ: हो, हे मान्य. मी गप्प चालणाऱ्यांतला, पण ते मळलेल्या वाटेवर, दाट कारवीत तुमचं बरोबर आहे.

आडवाट_पुणे: सगळ्यांचे खूप आभार. भुदरगडकर दादा, तुमचं वाचून मित्राला फोन केला. वाटेच्या सुरुवातीलाच त्याचा बूट शेणात भरला होता, त्याने तो कारवीच्या पानाला पुसला आणि आम्ही पुढे गेलो. मी विचारलं गार होतं का रे, तर म्हणाला नाही, बुटातून कोमट लागलं होतं.