कमिटीचा छोटा ग्रुप, मे २०२०

सचिव: बायको-मुलांना मारहाण होतेय हा कालचा मेसेज सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवरून लगेच काढायला लावला, कारण ते मारणारे गृहस्थ स्वतः तिथे आहेत. त्यांनी वाचला असता तर रात्री पोरांवरच निघालं असतं. म्हणून इथे आपण पाचच जण. त्यांचा फ्लॅट नंबर इथेही लिहू नका, स्क्रीनशॉट फिरतात.

बी-५०१: काढला मी. पण काल रात्री साडेबारापर्यंत त्यांचा मोठा मुलगा "नको ना बाबा" म्हणत होता. आम्ही वर बसून ऐकत होतो नुसते.

खजिनदार: घरचा मामला आहे हो. त्याचा पगार अर्धा झालाय. लॉकडाऊन उठलं की होईल शांत.

ए-४०३ काकू: पगार या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांचा अर्धा झालाय. सगळे हात उचलत नाहीत.

बी-५०१: 👍

सी-१०२ वकीलताई: लॉकडाऊनने काय केलंय बघा. २० ते ३१ मार्च एवढ्यात चाइल्डलाइनच्या, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनच्या, १०९८ वर तीन लाखांवर फोन आले. त्यातले ९२ हजार मारहाण-छळापासून वाचवा म्हणणारे. पेपरात आलं होतं.

ए-४०३ काकू: आणि हे ज्यांना फोन मिळाला त्यांचं. मी शाळेत शिकवायचे तेव्हा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलेलं पोर आधी डोळ्यात भरायचं. आता बाई नाहीत, क्लासचे सर नाहीत, कामाच्या मावशींना आपणच गेटबाहेर ठेवलंय. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद. पोरांना बघणारं कुणी उरलं नाही, आपल्याशिवाय. धाकटीला मार बसत नसेलही, पण आईला मारताना रोज बघते ना? तेही तिच्यावरच होतंय.

खजिनदार: शनिवारी गेटवर हापूस येतोय, पेटीसाठी नावं द्या.

सचिव: काका, ते मोठ्या ग्रुपवर टाका.

बी-५०१: ती 'बेल बजाओ'ची जाहिरात आठवते? आवाज आला की जाऊन बेल वाजवायची. आज मी जाते.

ए-४०३ काकू: जा, पण "आवाज येतोय" म्हणू नकोस. दार लागलं की तो विचारेल, कुणी चुगली केली. टाकीचं पाणी बंद करतोय, बादल्या भरून घ्या, असलं काहीतरी सांग. हात थांबला की झालं. मास्क लाव, एकटी जाऊ नकोस.

सचिव: आणि खरंच जिवावर बेतलंसं वाटलं तर बेल नाही, सरळ १००.

खजिनदार: उद्या त्याने आपल्यावरच केस टाकली तर?

सी-१०२ वकीलताई: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४. शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काहीच जबाबदारी येत नाही. मुलांशी क्रूरपणा हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. बाप आहे म्हणून सूट नाही.

बी-५०१: पण पोरं उचलून संस्थेत टाकली तर? आईचं काय?

सी-१०२ वकीलताई: संस्था हा शेवटचा पर्याय, कायद्यातच तसं आहे. आधी चौकशी, बालकल्याण समिती, घरच्यांशी बोलणं. आजी-मामा कुणी असेल तर तिथे ठेवायचाही विचार होतो.

ए-४०३ काकू: आईशी मी बोलते. उद्या गच्चीवर माझ्या कुरडया आहेत, तिचेही कपडे असतात. मेसेज कुणीही करू नका, तिचा फोन तो बघतो.

सचिव: मोठा सकाळी दुधाला खाली येतो. मी बोलू का?

ए-४०३ काकू: तुम्ही नको, तो घाबरेल. मीच जिन्यात भेटेन. "काय झालं, का मारलं" विचारायचं नाही. 'का' म्हटलं की पोराला वाटतं आपलंच चुकलं. तुझी चूक नाही, एवढं सांगायचं. बोलला तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुळीच द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार आहे. नंबर पाठ करून घेते: दहा, नऊ, आठ. आकडे उलटे मोजले की लक्षात राहतो. कुठल्याही फोनवरून फुकट लागतो.

बी-५०१: मध्ये पडू नकोस, हेही सांगा त्याला. आईच्या पुढे उभा राहतो तो. तेव्हा बहिणीला घेऊन माझ्याकडे ये म्हणावं, दाराला कडी नसेल.

सचिव: १०९८ ला फोन कुणी करायचा?

सी-१०२ वकीलताई: मी केला आत्ताच. मुलांची वयं, पत्ता, काय ऐकलं, किती दिवस, घरात दारू आहे का, एवढं विचारलं. माझं नाव बाहेर जाणार नाही म्हणाले. ज्यांनी ऐकलंय त्यांनीही करावा असंही म्हणाले, म्हणजे ५०१.

बी-५०१: करते. जेवणं उरकली की.

खजिनदार: माझं नाव कुठेही घेऊ नका.

सचिव: नाही घेत काका. फक्त रात्री टाकीच्या खोलीची किल्ली ५०१ कडे देऊन ठेवा.