मदत हवी आहे: कड्यांतल्या दोन वस्त्यांचं भांडण लागेना

मांजराकाठ
दीर्घकथा लिहायलोय. दिवाळी अंकाला आठ दिवसांत द्यायचीय, संपादकांचे दोन फोन येऊन गेले. कड्यांतल्या दोन वस्त्या आहेत, आतली आणि बाहेरची. आतल्यांनी पाणी अडवलंय, बाहेरच्यांपर्यंत पोचू देत नाहीत. वीस पानं झाली. आता बाहेरची माणसं चिडून शिवेवर येतात आणि तिथंच गाडी अडकलीय. चार दिवस झाले, एक ओळ पुढं नाही. शिवेवर गेल्यावर नेमकं काय होईल? लवकर सांगा.

काठपदर
बालाघाटाच्या डोंगरकड्यांतल्या वाड्या असतील तर मी सांगू शकते. माझं माहेर पाटोद्याकडचं. एका झऱ्यावरून दोन वाड्यांचं बोलणं बंद होतं. मोजणी आली त्या दिवशी दोन्हीकडच्या बाया रिकामे हंडे घेऊन झऱ्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. साखळी ओढल्याचा आवाज आणि मधूनच एखादा हंडा दगडाला लागल्याचा, एवढंच. भांडण असंच शांत लिहा, मारामारी घालू नका.

मांजराकाठ
ताई, डोंगर नाही, ग्रहाभोवतीची कडी. पण हंड्यांचं लक्षात ठेवतो.

भिंगवाला
कोणता ग्रह? गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, चौघांनाही कडी आहेत. गुरूची विरळ धुळीची आणि तिथला किरणोत्सर्ग माणसाला टिकू न देणारा. युरेनसची १९७७ मध्ये सापडली, ती अरुंद आणि काळीकुट्ट. ग्रह सांग, कडं सांग, दोन वस्त्यांमधलं अंतर सांग. त्याशिवाय कुणी काय सांगणार?

मांजराकाठ
शनी हो. कडी म्हटल्यावर वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. आतली वस्ती 'बी' कड्याच्या बाहेरच्या काठाजवळ, बाहेरची कॅसिनी फटीत, म्हणजे 'बी' आणि 'ए' कड्यांमधल्या पट्ट्यात. दोघींत १०० किमी.

भिंगवाला
मग तू शिवेवर नाही, पहिल्या पानावरच अडकलायस. शनीची मुख्य कडी ९५ टक्क्यांहून जास्त पाण्याच्या बर्फाची आहेत. धुळीच्या कणापासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत सगळं बर्फच. सगळ्या कड्यांचं वस्तुमान मायमास या उपग्रहाच्या साधारण ४० टक्के भरतं. कॅसिनी फटसुद्धा रिकामी नाही, तिथंही विरळ माल आहेच. बाहेरच्या माणसानं हात लांब केला तरी पाणी. ते अडवणार कोण आणि कसं?

गोदाथडी
भिंगवाल्यांशी सहमत नाही. पाणी असणं आणि पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आला, पुढं सूत्र आलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तरीही दर टंचाईच्या वर्षी नगर-नाशिक आणि आपण कोर्टात उभे असतोच. मांजराकाठ, आतली वस्ती म्हणजे वरचं धरण समजा आणि समन्यायी वाटपावर कथा बेता. मी स्वतः पाटबंधाऱ्यात नोकरी केलीय. गेट उघडायचा आदेश आल्यावर खाली पाणी पोचेपर्यंत काय काय होतं ते लिहून देईन.

भिंगवाला
साहेब, नदीला उतार असतो, कड्याला नाही. तिथं कुणी वर नाही, कुणी खाली नाही. प्रत्येक ढेकूळ आपापल्या कक्षेत शनीभोवती फिरतंय. आतल्याकडून बाहेरच्याकडे काही वाहतच नाही, तर गेट कशाला बसवणार?

गोदाथडी
बरं, वाहत नाही. पण ते उणे १८० अंशांचं बर्फ वितळवायला उष्णता लागेल ना? शनीवर ऊन पृथ्वीच्या साधारण नव्वदाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे विहीर तुडुंब आहे आणि मोटारीला लाईट नाही. ज्यानं रात्री दोनला उठून लाईट आली का बघायला शेत गाठलंय, त्याला हे भांडण लगेच कळेल. भांडण विजेवरून लावा.

काळीभोर
वीज अणुभट्टीतून येईल, तो प्रश्न सुटतो. नत्राचं काय? वस्तीत धान्य पिकवायचं तर नत्र पाहिजे, आणि कड्यांत बर्फ मिळेल, नत्र जवळजवळ नाही. टायटनवर मात्र आहे. त्याच्या हवेत साधारण ९५ टक्के नत्रच आहे, पण तो शनीपासून १२ लाख किमीवर. म्हणजे टायटनशी ज्याचा करार त्याच्या हातात युरिया. माझं कृषी सेवा केंद्र आहे. जुलैत पाऊस पडून गेला की सकाळी सहाला दुकानासमोर रांग असते. गाडी येणार की नाही, हे कुणाला आधी कळतं यावर गावात माणसाचं वजन ठरतं. पाण्यापेक्षा खताची टंचाई माणसाला जास्त लाचार करते, हे मी रोज बघतो. भांडण युरियावरूनच लावा.

उत्तरायण
तुम्ही सगळे आत-बाहेर यातच अडकलात. खरी फाळणी वर-खाली आहे. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं. साधारण १५ वर्षं कड्याच्या उत्तर बाजूला ऊन, मग १५ वर्षं दक्षिण बाजूला. मे २०२५ मध्ये ऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं. वर एक आळी, खाली एक आळी, एका पिढीनंतर उजेड बदलतो. यापेक्षा चांगली कथा कोणती?

भिंगवाला
कल्पना सुंदर, पण वर राहता येत नाही. जे काही शनीभोवती फिरतं त्याची कक्षा शनीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलातच असते. कड्याच्या १०० किमी वर वस्ती ठेवली तर पाव फेरीतच ती कड्यात उतरलेली असेल. दर फेरीत दोनदा कडं ओलांडायचं, तेही ताशी साधारण ५० किमी वेगानं बर्फाच्या ढेकळांतून. कड्यातली ढेकळं एकमेकांना अगदी हळू घासतात, सेकंदाला काही मिलिमीटर. त्यात हे ट्रकच्या वेगानं घुसणार. आणि कडं मोठ्या भागात जेमतेम दहाएक मीटर जाड आहे. त्यातच मिसळून राहायचं, दुसरा इलाज नाही.

उत्तरायण
मग आळ्या नाहीत, पण उजेड बदलतो हे तरी घ्या. कथेतल्या म्हातारीनं चार-पाचदाच उजेड बदललेला बघितलाय, एवढं एक वाक्य चालेल.

श्रद्धासबुरी
शनीवर लिहिताय तर आधी राक्षसभुवनला जाऊन या. गेवराई तालुक्यात गोदाकाठी शनीचं स्थान आहे, मनातली अडचण मोकळी होते, माझा अनुभव आहे. आणि भांडणाचंच म्हणाल तर १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो त्याच राक्षसभुवनला. निजामाची निम्मी फौज नदीच्या एका तीराला, निम्मी दुसऱ्या तीराला, आणि गोदेला पाणी. पलीकडच्यांना आपली माणसं दिसत होती, मदतीला जाता येत नव्हतं.

दुर्बीण_हवी
विषय निघालाच आहे तर, मुलीला शनीची कडी दाखवायचीत. ६० मिमीची दुर्बीण पुरेल का? ती पाचवीत आहे, रोज विचारते.

भिंगवाला
पुरेल. पन्नासेक पट करा, कडं ग्रहापासून सुटं दिसेल. तिपाई मात्र मजबूत घ्या, डुगडुगत्या तिपाईवर मुलं कंटाळतात.

मांजराकाठ
इथं दुर्बिणी नकोत, कृपा करा. पाण्याचं मला सोडवत नाहीये. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथं शिकायला होतो. स्टेशनच्या कुंपणाला तोंड लावून वाघिणी बघितल्या. एका वाघिणीच्या झाकणातून ओघळ येत होता आणि एक म्हातारा त्याच्याखाली हात धरून उभा होता. ते डोक्यातून जात नाही. म्हणून पाणी अडवलं. पण भिंगवाल्यांचं खरंय, बर्फाच्या ढिगात बसून पाण्यासाठी कोण मरेल? आता शिवेचं सांगा. युरिया घेतो, वीज घेतो, काहीही घेतो, पण ही माणसं शिवेवर कशी येतात?

सर्व्हे_नंबर
मी दिवसभर वाचतोय, मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही. भूमी अभिलेखमध्ये मोजणी करायचो, बांधाची भांडणं हाच माझा जन्म. मांजराकाठ, तुमच्या वस्त्यांना बांधच नाही. गणित मांडून बघा. शनीच्या केंद्रापासून गोल १,२०,००० किमी धरू, तिथं फेरी सुमारे पावणेबारा तासांची. आतली १०० किमी आत, म्हणून तिची फेरी किंचित लहान. दोघी शेजारी आल्या की आतली बाहेरचीच्या बाजूनं ताशी ८० किमीनं निघून जाते. एसटी जाते तेवढा वेग. अलीकडे हजार आणि पलीकडे हजार किमी धरले तर २५ तासांत भेट संपली. मग ती पूर्ण कडं फिरून पुन्हा गाठ पडणार ३९३ दिवसांनी, म्हणजे तेरा महिन्यांनी. मधले साधारण चार महिने तर दोघींच्या मध्ये शनीच येतो, सरळ संदेशही जात नाही.
तुमची माणसं शिवेवर थांबतात म्हणून प्रसंग खरा वाटत नाही. तिथं थांबता येत नाही.

गोदाथडी
संदेशासाठी बाहेरचा उपग्रह वापरता येईल. पण तेरा महिन्यांचं एकदम पटलं. ही तर जत्रा झाली.

काठपदर
माळेगावच्या जत्रेसारखं. वर्षातून एकदा गाठ, त्यातच सोयरीक, उधारी आणि राहिलेली भांडणं. आईला लेक दिसणार ती एक दिवस.

मांजराकाठ
सर्व्हे_नंबर, दोन तास झाले, नुसता येरझारा घालतोय.
एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण मला ती कथेत आहेच असं वाटत होतं. बाहेरच्या वस्तीतले लोक बर्फतोडे आहेत. आतल्या वस्तीत मुकादम. माझे आईबाप बारा हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, केज तालुक्यातून. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, माहीत असेल. दिवाळीआधी उचल घ्यायची, हंगाम संपला की हिशेब. हिशेबात उचल फिटलेली असायची कमी, अंगावर राहिलेली असायची जास्त. मग पुढच्या वर्षी तोच मुकादम. बाप लिहिता-वाचता होता, तरी वहीवर बोट ठेवायची त्याची हिंमत झाली नाही. मी बघितलंय, बोट वहीपर्यंत जायचं आणि परत यायचं.
म्हणजे भांडण पाण्याचंही नाही, युरियाचंही नाही. तेरा महिन्यांतून एकदा मुकादम येतो आणि २५ तासांत हिशेब उरकून पुढं निघून जातो. चूक सापडली तर पुढच्या तेरा महिन्यांनी बोला, तोवर त्यावर व्याज. हे मला लिहिता येईल. पण बर्फतोड्यांच्या हातात काय? पळून जावं तर सगळं कडं मुकादमांचं.

काळीभोर
युरिया उधारीवर देणारा तोच मुकादम ठेवा. उचल पैशात नको, नत्रात द्या. पैसा कड्यात काय कामाचा?

सर्व्हे_नंबर
त्यांच्या हातात अंतर आहे. माणसाला वाटतं लांब गेलं की सुटलो. इथं उलटं होतं. अंतर वाढवलं तर घसरण वाढते आणि गाठ लवकर पडते. १०० चे २०० किमी केले तर मुकादम साडेसहा महिन्यांनी दारात. १०० चे ५० केले तर तो ताशी ४० नं सरकेल आणि गाठ पडेल २६ महिन्यांनी. ५० किमी आत सरकायला वस्तीचा वेग सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास बदलायचा, सायकलीच्या वेगाएवढा. जवळ जा, हिशेबाचा दिवस दुप्पट लांबतो. मुकादमाच्या वहीत मात्र तारीख जुनीच.

भिंगवाला
बरोबर आहे. आणि आत जायचं तर वेग वाढवायचा नाही, कमी करायचा. ब्रेक लावला की वस्ती आत घसरते आणि मग आधीपेक्षा जोरात धावते. हे कुणीतरी म्हातारीच्या तोंडी घाला, उत्तरायणांच्या.

काठपदर
पण मग मुकादमाच्या वस्तीत दिलेली लेकही २६ महिन्यांनीच दिसणार. ते कोण ठरवणार, बाप की आई?

मांजराकाठ
ताई, हेच. आई ठरवते. पहिली वीस पानं फाडली, फक्त हंडे ठेवलेत. रात्री बसतो.

सर्व्हे_नंबर
बसा. फक्त दिशेची काळजी घ्या. बाहेरच्या वस्तीतून बघताना आतली मागून येते आणि पुढं निघून जाते. आई लेकीची वाट मागच्या बाजूला तोंड करून बघेल. पुढं तोंड करून उभी केलीत तर सगळं गणित चुकेल.