अनुभव धागा : वालचंदशेठ तुम्हाला कुठे भेटले?

आज ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच तारखेला 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. बोट ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली, म्हणून ती चालवणाऱ्या जहाज कंपनीचं नाव सिंदिया. तिच्या संस्थापकांपैकी एक आपले वालचंद हिराचंद दोशी, जन्म सोलापूर, १८८२. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस बोटींच्या धंद्यात पडला, याची मला कायम गंमत वाटते. चरित्र नको, ते कुठेही मिळेल. तुमचा अनुभव लिहा.

अशोक चौक
चार वर्षं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला काढली, पण वालचंद कोण ते कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. पुण्यात पहिल्याच मुलाखतीत साहेब खूश झाले, "अरे वा, सांगलीचं वालचंद!" सोलापूरचं म्हटल्यावर चेहरा पडला बघा. मनात म्हटलं, सांगलीला नाव देणारा माणूस आमच्या गावचा आहे की बे!

पद्मिनीवाला
आजोबांची प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगलाच. तुळजापूरचा घाट आला की मी पाण्याचा कॅन घेऊन तयार, कारण बॉनेटमधून वाफ निघणारच. आजोबा गाडीला एक शब्द बोलू द्यायचे नाहीत. "आपल्या सोलापूरच्या शेठजींच्या कारखान्यातली हाय." गाडी मुळात इटलीच्या फियाटची, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

भोंगा
माझं बालपण वालचंदनगरचं. इंदापूरहून आत वळायचं. आधी कळंब नावाचं खेडं, माळरान; तिथं ऊस आणि साखर कारखाना उभा राहिला. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई भोंग्यावर कुकर लावायची. पुढे तिथल्याच वर्कशॉपात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनू लागले. साखर मात्र बंद पडली. परवा गेलो होतो, आमच्या चाळीपुढचं चिंचेचं झाड आहे अजून.

टॅली क्लार्कचा पुतण्या
काका मुंबई बंदरात टॅली क्लार्क, म्हणजे बोटीवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजणी करणारे. सिंदियाची गोष्ट ते जेवताना सांगायचे आणि भात गार व्हायचा. इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की सिंदियाला माल न्यायला परवडेना. त्यांची तिजोरी खोल, त्यांना तोटा सोसायला काय! शेवटी १९२३ चा करार : किनाऱ्यावरची वाहतूक करा, पण दहा वर्षं परदेशी मार्गाकडे बघायचं नाही. लंडनला बोट पाठवून नाव झालं, आणि चार वर्षांत लंडनचीच वाट बंद. काका इथे थांबून ताक मागायचे. पुढे सिंदियाच्याच विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ साली 'जलउषा' पाण्यात उतरली, त्याचा पेपरातला फोटो त्यांनी जपून ठेवला होता.

उलटा सूर
आरती ओवाळताय ते ठीक. पण हे घराणं मूळचं कापूस आणि सावकारीचं. शेठजींनी पैसा केला तो रेल्वेच्या कंत्राटांत, आधी बार्शी लाइट, मग बोरघाटातले बोगदे. म्हणजे गिऱ्हाईक इंग्रजच. मला त्यांचं कौतुक आहे, पण खादीतला संत करू नका. पक्का धंदेवाला होता, म्हणूनच कुठं भांडायचं ते कळत होतं.

बेंगळुरूहून
मी रोज ओल्ड एअरपोर्ट रोडवरून ऑफिसला जाते. एचएएलच्या, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्याच्या भिंतीला लागून ट्रॅफिकमध्ये अर्धा तास जातो. एकदा बाबा आले होते. भिंतीकडे बघत म्हणाले, "हे डिसेंबर १९४०मध्ये आपल्या वालचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन काढलं. १९४२ला युद्धाच्या धामधुमीत सरकारनं त्यांचा हिस्सा विकत घेतला." मी विचारलं, मग त्यांना काय मिळालं? बाबा म्हणाले, "पैसे मिळाले की." थोड्या वेळानं, "१९४९ला अर्धांगाचा झटका आला, १९५३ला गेले." सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला.