सिल्व्हराडोचं ५.३ आणि कॉर्व्हेटचं ५.७ एकच इंजिन आहे म्हणतात, कितपत खरं?

ह्यूस्टनचा_बाबा
नमस्कार मंडळी, इकडे टेक्सासात मुलगा आणि मी मिळून ८७ सालची एक जुनी कमारो (शेवरोलेची स्पोर्टी गाडी) उभी करतोय, बॉडी बरी आहे पण इंजिन पार गेलंय. शेजारचे आजोबा आहेत, जन्मभर गाड्याच केल्या त्यांनी, ते म्हणतात भंगार यार्डातून सिल्व्हराडो पिकअप ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन उचलून आण, कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं इंजिन ते हेच. मग ट्रकला २८५ हॉर्सपॉवर आणि कॉर्व्हेटच्या एलएस१ ला (तिचं ५.७ लिटरचं इंजिन) ३५० कशी? ट्रकचं इंजिन स्वस्तात मिळतं आणि एलएस१ चे लोक वाट्टेल ते मागतात. मुलगा म्हणतो बाबा ट्रकचं इंजिन घातलं तर गाडी ट्रकसारखीच पळणार. मला यातलं जुजबीच कळतं, फरक नेमका कुठे असतो कोणी नीट सांगेल का?

पाना_तेरा
आजोबा बरोबर सांगतायत. दोन्ही एकाच घरातली, जीएमने (जनरल मोटर्स, शेवरोलेची मालक कंपनी) ९७ ला कॉर्व्हेट सी५ मध्ये, म्हणजे तिच्या पाचव्या पिढीत, एलएस१ आणलं आणि ९९ च्या मॉडेलपासून त्याचेच भाऊबंद ट्रकमध्ये बसवले. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव दोन्हीची ९२ मिमी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तीच, क्रँक धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट दोन्हीकडे. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास वेगळा, ट्रकचा ९६ आणि कॉर्व्हेटचा ९९, म्हणून एक ५.३ लिटर आणि दुसरं ५.७.

मोठा फरक ब्लॉकचा. ट्रकचा बिडाचा, कॉर्व्हेटचा ॲल्युमिनियमचा, वजनात ७५ ते १०० पौंडांचा फरक पडतो आणि तो बहुतेक पुढच्या चाकांवर येतो. पण बिडाच्या सिलिंडरच्या भिंती जाड असतात म्हणून टर्बो लावणारे लोक मुद्दाम ट्रकचंच शोधतात. हेड (सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह यातच असतात) मात्र ५.३ चं पण ॲल्युमिनियमचंच आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्याचं कंबश्चन चेंबर (इंधन जळतं ती जागा) तर एलएस१ पेक्षा लहान, तेच हेड एलएस१ वर चढवून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवणारे लोक आहेत. ट्रकचं कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास ठेवलंय म्हणून ते साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर निवांत चालतं, कॉर्व्हेटला १० च्या वर आहे म्हणून प्रीमियम पेट्रोल सांगतात.

आता पॉवरचं. ती बरीचशी कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि थोडी साडेतीनशे सीसीत आहे. ट्रकचा कॅम अगदी शांत, व्हॉल्व्ह थोडा वेळच उघडा ठेवतो. कॅमने काय होतं बघायचं तर त्याच ५.७ चं एलएस६ बघा, २००२ च्या कॉर्व्हेट झी०६ मध्ये ४०५ हॉर्सपॉवर देत होतं, एलएस१ ३५० देत असताना. सीसी एकही वाढलेला नाही, कॅम मोठा, हेड चांगलं, इनटेक (हवा आत नेणारा भाग) मोकळं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कडक.

टेस्टबेड_पुणे
वरचं सगळं पटलं. मी २२ वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली म्हणून एक वेगळी बाजू सांगतो, कारण ट्रकचं इंजिन म्हणजे कमी प्रतीचं असं तुमच्या मुलाच्या मनात बसू नये असं मला फार वाटतं.

कॉर्व्हेटवाला पूर्ण थ्रॉटल किती वेळ देतो? दहा सेकंद, पंधरा सेकंद, मग पाय उचलावाच लागतो. ट्रकवाला मागे ट्रेलर लावून ऑगस्टच्या उन्हात लांब चढ चढतो तेव्हा इंजिन पंधरा-वीस मिनिटं जवळपास पूर्ण लोडवर असतं. आपल्याकडे भरलेली गाडी खंबाटकी चढताना बघा म्हणजे लक्षात येईल. त्या वीस मिनिटांत उष्णता साठत जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनचा माथा, तेल, सगळं तापतं. अशा इंजिनात नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) सुरू झालं तर ड्रायव्हरला ट्रेलरच्या आवाजात कळणार पण नाही. म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवतात, ठिणगीचं टायमिंग जपून देतात. त्याला कंजूसपणा म्हणू नका, ते इंजिन जगावं म्हणून केलेलं असतं.

आणि इनटेक. ट्रकचं इनटेक उंच, त्यातल्या नळ्या लांब, त्यामुळे खालच्या आणि मधल्या आरपीएमला हवा छान भरते. कॉर्व्हेटचं बॉनेट खाली म्हणून तिचं इनटेक चपटं करावं लागलं. म्हणजे तिथे डिझायनरने इंजिनवाल्याकडून जागा काढून घेतली असं समजा. आजही मधल्या आरपीएमला ट्रकचं इनटेक एलएस१ च्या इनटेकला भारी पडतं, फक्त दिसायला बोजड.

ह्यूस्टनचा_बाबा
खूप खूप आभार दोघांचे, मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने लगेच विचारलं की मग डॉजच्या व्हायपर स्पोर्ट्स कारचं व्ही१० (दहा सिलिंडरचं इंजिन) पण ट्रकचंच ना? मला काहीच सांगता आलं नाही.

घाटवाट
त्याला सांगा अर्धं बरोबर. व्ही१० ची कल्पना ट्रकसाठीच्या इंजिनातून आली, पण व्हायपर ९२ ला आली आणि डॉजच्याच राम ट्रकचं व्ही१० नंतर ९४ ला. दोन्ही ८ लिटर. ट्रकचा ब्लॉक बिडाचा. व्हायपरचा ॲल्युमिनियमचा, आणि तेव्हा लॅम्बोर्गिनी क्रायस्लरच्या (डॉजची मालक कंपनी) मालकीची असल्यामुळे ते ॲल्युमिनियमचं काम त्यांच्या मदतीने झालं. व्हायपरला ४०० हॉर्सपॉवर, ट्रकला ३००. पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघितलात तर जवळजवळ सारखाच, ४५० पौंड-फुटांच्या आसपास, फक्त ट्रकमध्ये तो ३००० आरपीएमच्या खालीच मिळून जातो आणि व्हायपरमध्ये ३६०० ला. मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं कारण इंजिनाची ताकद कुठे नेऊन ठेवलीय ते यात स्वच्छ दिसतं. पुढे २००४ ला उलटं झालं, व्हायपरचं ८.३ लिटर ५०० हॉर्सपॉवरचं इंजिन राम एसआरटी-१० मध्ये घातलं!

पाना_तेरा
बाबा, इंजिन घ्यायला जाल तेव्हा हे बघून ठेवा कारण मी स्वतः इथे फसलोय. ट्रकचं ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोल असतं, ट्रक उंच म्हणून त्याला चालतं, पण तुमच्या कमारोत ते क्रॉसमेंबरखाली (इंजिनाखालचा आडवा बीम) लोंबेल. माझ्या गाडीत तसंच ठेवलं होतं, पहिल्याच स्पीडब्रेकरला घासलं आणि घरी पोचेपर्यंत तेलाचा माग. ९८ ते २००२ च्या कमारोचं चेंबर घ्या, तुमच्या पिढीच्या गाडीत लोक तेच बसवतात. सी५ कॉर्व्हेटचं घेऊ नका, त्याला दोन्ही बाजूंना पंख आहेत, ते तिच्याच चेसिससाठी केलंय. बेल्टची रांग पण वेगळी असते, ट्रकमध्ये पुली कॉर्व्हेटपेक्षा साधारण दीड इंच पुढे येते आणि अल्टरनेटर वर बसतो, त्यामुळे वॉटरपंप, पुली, ब्रॅकेट सगळं एकाच गाडीचं घ्यायचं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलंत तर बेल्ट उड्या मारणार.

वायरिंगमध्ये थ्रॉटल केबलचा आहे का इलेक्ट्रॉनिक ते आधी विचारा, २००३ पासूनच्या ट्रकना बहुतेक इलेक्ट्रॉनिक आहे, मग पेडल आणि त्याचं मॉड्यूल त्याच ट्रकचं उचलावं लागतं. ईसीयूमधलं (इंजिनाचा कॉम्प्युटर) चोरीविरोधी लॉक ट्यूनरकडून बंद करून घ्या, नाहीतर इंजिन चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडेल आणि तुम्ही गाडीतला फ्युएल पंप बदलत बसाल.

ह्यूस्टनचा_बाबा
आत्ताच टेप घेऊन बॉनेटखाली मापं घेतली, ट्रकचं इनटेक बसणार नाही असं दिसतंय. केबलवालं २००१ चं ५.३ बघून ठेवलंय, चेंबर कमारोचंच घेतो. कॅम आताच बदलू का आधी आहे तसंच चालवून बघू?

टेस्टबेड_पुणे
आधी आहे तसंच. पण कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आठही सिलिंडरचे आकडे इथे टाका, मग कॅमचं बोलू.